रात्रपाळीआधी

सव्वानऊला मी सतरंजी अंथरतो.
अर्ध्यात योएल लोळायला लागतो,
आणि तबिथा ट्यूबलाइट घालवून
बटणाजवळच उभी राहते,
कारण अंधारात प्रार्थना लवकर पोचते
असं तिनं ठरवून टाकलंय.

जेल रोडची थंडी फरशीतून वर येते.
करुणा पिठाचे हात गाऊनला पुसत बसते,
पोरांचे डोळे मिटलेत का पाहायला
स्वतःचा एक उघडा ठेवते.
तोच डोळा कधीकधी माझ्यावरही असतो.

योएल तीनचा. थँक्यू येशू म्हणतो,
मग गाडी, आजी, माऊ, पुन्हा गाडी,
आणि समोरच्या भोरकाकांचा बंद पडलेला टेम्पो.
मागणं कुठलं, आभार कुठले,
त्याला अजून कळत नाही.
आम्हीही शिकवायची घाई करत नाही.

तबिथा सहाची. तिला वाक्यं येतात,
म्हणून तिच्या प्रार्थनेची मला धास्ती.
काल म्हणाली, प्रभू,
आईबाबा परवापासून बोलत नाहीत,
फ्रीजच्या हप्त्यावरून.
तुला माहीत असेलच, तरी सांगून ठेवते.
करुणाचा उघडा डोळा झटकन मिटला.
मी आमेनसाठी घसा खाकरला
तर ही अजून थांबलीच नव्हती:
बाबांचा आवाज मोठा होता,
पण सुरुवात आईनं केली.

आज तिनं डोळे मिटायच्या आधीच विचारलं,
रोजची भाकर कशाला मागायची, बाबा?
तुम्ही तर नोटा छापता.

सोळा वर्षं झाली मला छापखान्यात.
कुणाच्याही घामाचा वास न लागलेल्या नोटा
गठ्ठ्यांनी नजरेखालून जातात.
पाळी सुटली की गेटवर हात वर करायचे,
खिसे उलटे करायचे,
डबा उघडून दाखवायचा,
तळाला चिकटलेल्या मेथीच्या पानासकट.
हे सहा वर्षांच्या पोरीला कसं सांगू?
म्हणालो, त्या आपल्या नसतात गं.
मग कुणाच्या?
मोजणाऱ्याच्या नसतात, एवढं खरं.
ती बटणाशी बोट फिरवत राहिली.
म्हणजे तुम्हालाही मागावं लागतं?
हो.
माझ्यासारखं?
तुझ्याइतकं चांगलं जमत नाही.

तेव्हा ती भिंत सोडून आली,
माझे दोन्ही तळवे उघडून पाहिले,
गेटवरचा जवान पाहतो तसे, उलटसुलट,
आणि काही नाही अशी खात्री झाल्यावर
त्यात आपले ठेवले. गार होते.

माझे वडील डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचे.
शेवटाला आवाज हलायचा त्यांचा.
मला वाटायचं, माझ्यावर चिडलेत,
मी मनात त्या दिवसाचे गुन्हे शोधत बसायचो.
आता ते शरणपूरच्या दफनभूमीत आहेत,
आणि योएलला रात्री दम लागतो तेव्हा
त्याच्या छातीवर हात ठेवून बोलताना
माझा आवाज तिथेच हलतो,
त्याच शब्दाला.
तो चिडण्याचा आवाज नव्हता, बाबा.
उशिरा कळलं.

पोरं आडवी झाली.
एरवी यानंतर आमची दोघांची प्रार्थना असते,
फीची, दम्याची, गावाकडच्या जागेची,
पोरांसमोर न मागता येण्याजोगी.
तीन दिवस तीही नव्हती.
करुणानं डबा भरला, झाकण दाबलं,
ओट्यावर ठेवला. हातात दिला नाही.
मी बूट घातले. किल्ली शोधली,
खिशातच होती, तरी शोधली.

मफलर घे, ती म्हणाली.
पाठमोरीच.

मी दारात तसाच उभा.
आतल्या अंधारातून, झोपलीय असं समजलेल्या
तबिथाचा आवाज आला:
ऐकलं.

कुणी, ते काही बोलली नाही.