पाय घसरना

ठगूबाई तीनदा आली ड्रेसिंगला.
तिन्ही वेळा एकच, "पाय घसरना, माय."
पाय घसरल्यावर मनगटाच्या आतल्या अंगाला
चार बोटं कशी उमटतात,
हे मी केसपेपरवर विचारलं नाही.
लिहिलं : पडल्यामुळे.

सावद्याच्या बँकेत तडवी मॅडम
दर महिन्याला तिचा अंगठा घेतात.
नातू मनगट धरून टेकवतो,
नोटाही तोच मोजतो, थुंकी लावून.
त्यांनीही कुठं लिहिलं नाही.
तसा रकानाच नव्हता.

पावरा हवालदाराच्या डायरीत मात्र एक ओळ :
रात्री ओरडण्याचा आवाज. घरगुती बाब. समज दिली.

फैजपूरला प्रांत कचेरीच्या व्हरांड्यात
आम्ही तिघं भलत्याच कामांना आलेलो,
एका बाकावर, उन्हाकडे पाठ करून.
रस्त्यावर केळीचा ट्रक मागे घेत होतं कुणी,
"येऊ दे, येऊ दे" चाललेलं.
त्यात तडवी मॅडम सहज म्हणाल्या,
"एक म्हातारी आहे, अंगठा फार थरथरतो तिचा."
मी म्हटलं, "कुठला? डावा?"
हवालदारानं चहा खाली ठेवला.

अर्जावर आता तीन सह्या आहेत.
एक थोडी तिरकी, माझी.

आज सुनावणी.
"आजी, काय झालं ते सांगा."
ठगूबाईनं नातवाकडे पाहिलं,
मग माझ्याकडे,
मग पदराच्या टोकाकडे बराच वेळ.
"पाय..." म्हणाली
आणि थांबली.

वर पंखा कुरकुरत होता.
या वेळी
तिचं वाक्य आमच्यापैकी कुणीच
पूर्ण केलं नाही.