अंगुस्तान

एकेचाळीस वर्षं सुईशी माझा व्यवहार,
बोटातून रक्त येणं नवं नाही.
थेंब येतो, मी बोट तोंडात घालते,
पांढऱ्या कापडाला डाग लागू नये, एवढीच काळजी.
मग आता रात्री दोन वाजता
स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली
त्याच बोटाकडे बघत का बसते मी,
जणू आत कुणी परकं उतरलंय
आणि नाव सांगत नाही.

सांतियागोच्या मेळ्याची रात्र होती.
ओलेगारियो, फेरीबोटीच्या इंजिनावरचा,
ज्याच्या दोन विजारींना मीच चेन बसवून दिली होती,
भाजलेल्या मासळीचं ताट घेऊन समोर बसला.
जानुआरियोला जाऊन सहा वर्षं.
सहा वर्षं मी सेतुबालभर लोकांची मापं घेतली,
छाती, कंबर, बाहीची लांबी.
माझं माप कुणी घेतलं नव्हतं.
पाळी जाऊन आठ वर्षं झालेली, मग भीती कसली, असं वाटलं.
खरं तर काहीच वाटलं नाही. वाटायला वेळ कुठे होता.

नवव्या दिवशी मासळीबाजारात लुर्देस हसत म्हणाली,
ओलेगारियो ना? अगं, त्याची बोट सगळ्या धक्क्यांना लागते.
पिशवी एकदम जड झाली.
आत चारच सार्डिन होत्या.

दवाखान्यात नाव विचारलं नाही. नंबर दिला, सत्तावीस.
नर्स माझ्या बेनेदितापेक्षा लहान,
दंडावर माकूळ गोंदलेला.
कंडोम? तिने विचारलं.
मी म्हटलं, माझं वय अठ्ठावन्न आहे.
ती म्हणाली, ते मी नाही विचारलं.
एक टाका अंगुस्तानाशिवाय घालत नाही मी,
हे तिला कसं सांगणार?

बहात्तर तासांत आला असतात तर गोळ्या देता आल्या असत्या.
आज रक्त घेतलं तरी
त्या रात्रीबद्दल ते तोंड उघडणार नाही.
सहा आठवडे होऊ द्या.
मधल्या काळाला आम्ही खिडकी म्हणतो.
खिडकी!
आजवरच्या माझ्या सगळ्या खिडक्यांतून
निदान समोरच्या बाईची वाळत घातलेली धुणी तरी दिसायची.

परतताना धक्क्यावर गेले.
त्याला म्हटलं, तूही जा.
तो हातातल्या काळ्या चिंधीने
हात पुसत राहिला, पुसत राहिला.

सप्टेंबर म्हणजे बालवाडीचे झगे. निळे चौकडे, पंचेचाळीस नग.
घसा दुखला की थर्मामीटर.
माझा पेला मी वेगळा ठेवला,
एकटीच राहते, तरी.
रविवारी लक्झेंबर्गहून बेनेदिताचा फोन:
आई, नवीन काय?
झगे, मी म्हटलं.
एकविसाव्या झग्याला बोट टोचलं,
कॉलरवर मोहरीएवढा ठिपका.
त्यातून मुलाला काही होत नाही, हे माहीत होतं.
नर्सने सांगितलं होतं, कागदावरही लिहिलं होतं.
तरी तो झगा मी चुलीत टाकला
आणि पदरच्या कापडातून दुसरा बेतला.
मग रडले. कापडासाठी असावं.

आज त्रेचाळिसावा दिवस. नंबर चौदा.
सकाळी रक्त दिलं, अहवाल दुपारी.
शेजारी एक जाडसर गृहस्थ,
डबीतून गोळी काढून पाण्याबरोबर गिळतात,
घड्याळ बघून, जशी मी भट्टीतली पोळी बघते.
अकरा वर्षं झाली, म्हणतात, माझ्या नजरेला उत्तर म्हणून.
नातीला पोहायला शिकवतोय सध्या,
फार पाणी उडवते.
या आजाराला मी एक चेहरा दिला होता इतके दिवस.
तो यांचा नव्हता.

तुमच्या विजारीची तुरपाई सुटलीय, मी म्हटलं.
ते खाली बघून म्हणाले,
एवढंच सुटलं असेल तर बरंय.
पर्समध्ये सुई असतेच.
त्यांनी पाय खुर्चीवर ठेवला, मी टाके घालू लागले,
बारीक, वरून दिसू नयेत असे.
हात थरथरत नव्हता, हे मला उशिरा लक्षात आलं.

दार उघडलं. माकूळवाली मुलगी,
हातात कागद.
चौदा, ती म्हणाली.

दोरा दातांत होता.
मी बोटानेच खूण केली:
थांब जरा, गाठ मारते.