बारावी सुई

हाकोदातेच्या बंदरामागे, जिन्याखालच्या खोलीत
किनु मुरासे. तिला दिसत नाही,
दिवा लावायचं तिच्या ध्यानात नसतं,
मीही मागितला नाही.

तीन बोटं मनगटावर. बराच वेळ.
"दोर ओढता तुम्ही. डाव्या अंगाने."
मी सांगितलं नव्हतं.

दुखत होता खांदा,
पहिली सुई मात्र पोटरीत.
मुंगी चावावी एवढंच.
मग आत काहीतरी जड होत गेलं,
भिजल्या दोरासारखं.
"आलं?"
"आलं."
काय, ते दोघांनीही विचारलं नाही.

"हे चालतं कसं?"
"खांद्याला विचारा."

केटलीची वाफ. मी घोरलो म्हणे.

उठलो तर हात कानापर्यंत. टोपीपर्यंत नाहीच.
"मंगळवारी या," म्हणत तिने सुया चाचपल्या:
अकरा.
बारावी अजून माझ्या पावलात उभी होती,
मला पत्ताच नव्हता.