अब्जात पंधरा

पोत्यात बंबू खुपसला की
आधी आवाज कळतो.
कोरडा मका खळाळतो,
ओला गप्प बसतो.
तुर्भ्याच्या दाणाबाजारात एकवीस वर्षं
हा पोकळ, टोकदार पत्रा घेऊन फिरतोय.
माथाडी मला सुईवाला डॉक्टर म्हणतात.
देवशीभाई चहा सांगतात, तो मी पीत नाही.
एकदा प्यालो होतो. त्या दिवशी
दोन पोती टोचायची राहिली.

ट्रक सकाळी सहाला आला,
ताडपत्रीखाली घाम धरून.
उजवीकडच्या थराला वास होता,
बंद पेटीतल्या वह्यांचा येतो तसा.
बाकी ढीग सोन्यासारखा.

एका पोत्यात दीड-दोन लाख दाणे,
विष त्यातल्या मोजक्यांत,
आणि त्यातले काही इतरांसारखेच पिवळे.
नेमका तोच दाणा माझ्या बंबूत यावा,
ह्याला कागदावर नमुना म्हणतात.
माझी आई नशीब म्हणाली असती.

महाप्याच्या लॅबमध्ये हर्षला मढवी
ट्यूबलाइट मालवते, जांभळा दिवा लावते.
भरडलेल्या मक्यात तीन जागी उजळतं
हिरवट, पिवळं, काजव्यासारखं.
"दादा, किती छान दिसतं ना?"
मग दळण, गाळण, यंत्राची घरघर.
हद्द पंधराची. अब्जात पंधरा.
म्हणजे किती, मी पहिल्या वर्षी विचारलं होतं.
ती म्हणाली, मी आत्ता बत्तिशीला आले,
माझ्या जन्मापासूनचे सगळे सेकंद मोजा,
त्यातले पंधरा.
एवढ्यात तर शिंकसुद्धा नीट होत नाही.

आकडा आला एक्केचाळीस.

भाजलं तरी ते हटत नाही.
तव्यावर बुरशी मरते,
तिनं लिहून ठेवलेलं राहतं,
आणि यकृत ते सावकाश वाचतं.

अहवालावर शिक्का बसला. माल परत.
पण परत म्हणजे कुठे, ह्याला फॉर्मात रकाना नाही.
ट्रक दोन दिवस गेटपाशी उभा,
हुकानं फाटलेल्या पोत्यातून
दाणा, दाणा, दाणा.
खाली कौतिकबाई. शहाद्याकडची.
खराटा, सूप, आणि साखरेची जुनी गोणी.
"भाऊ, हाई मक्का चांगली शे ना?"

माझ्या खिशात एक्केचाळीस होते.
ते सबंध गाडीचे होते,
तिच्या सुपाचा आकडा कुणी काढलाच नव्हता.

ती पाखडत होती. हलकं उडून गेलं.
मग नखानं टिपू लागली
फुटकं, टोकाला काळं, सुरकुतलेलं,
न बघता, माझ्याशी बोलत बोलत,
आणि टिपलेलं गटारात.
"हाई कोंबडीले बी देऊ नये."

किलोभर विकत घेतला. वीस रुपये.
हर्षलानं सुट्टी झाल्यावर यंत्र लावलं,
रजिस्टरात नोंद न करता.
नऊ.

नऊ म्हणजे पास. पण एका किलोचा.
उद्याच्या सुपाला तो आकडा लागू नाही,
वरून बरा दिसणारा दाणा
तिच्या नखालाही फसवू शकतो.
हे सगळं मी तिला सांगितलं,
जरा जास्तच सांगितलं बहुतेक.
तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली,
गाडीमधला कोण निवडस?

तिसऱ्या दिवशी पहाटे ट्रक नव्हता.
वॉचमनला विचारलं, तो म्हणाला भिवंडीकडे.
वॉचमनला असं विचारलं की
तो नेहमी भिवंडीकडेच म्हणतो.
रात्रभर पाऊस होता,
ओल्या डांबरावर ट्रकच्या मापाची
कोरडी चौकट तेवढी उरलेली,
आणि तिच्यात कौतिकबाई खराटा मारत होती,
कडेकडेनं आत, पाणी शिरायच्या आधी.

मी बंबू फडक्यानं पुसला.
आतल्या खाचेत एक दाणा अडकलेला.
काडीनं काढून तळहातावर घेतला.
पिवळा, टपोरा.
बराच वेळ बघत राहिलो.
दिवसा काही कळत नाही.