दोन्ही बाजूंनी

शेफील्डच्या बर्नग्रीव्हमध्ये, चढावरच्या शाळेत,
मी झेरॉक्सच्या खोलीत असते. तळघर. खिडकी नाही.
शिक्षणाबद्दलचं प्रत्येक मत
आधी माझ्या हाताला गरम लागतं,
मग जिना चढतं.

अकरा वर्षांत चार हेडटीचर.
मिसेस ओल्डरॉइड होत्या तेव्हा मागणी रंगीत कागदाची.
मूल म्हणजे रोप, म्हणायच्या, आपण फक्त पाणी घालायचं.
बाकं गोल मांडली. घंटा काढून टाकली.
उत्तर चुकलं तर लावायला
"छान विचार केलास" असे चारशे स्टिकर
मी एका दुपारी कापले.
अंगठ्याला घट्टा आहे अजून.

मग निकाल आला.
निकालापाठोपाठ फेअरक्लफ आले, आणि त्यांचा ट्रस्ट,
ज्याच्या एकवीस शाळा आहेत आणि फॉन्ट एक.
बाकं रांगेत. जिन्यावर पिवळी पट्टी,
तिच्या डावीकडून चालायचं, न बोलता.
ती सूचना लॅमिनेट करताना मला हसू आलं.
आजऱ्याच्या शाळेत सहा वर्षं मी हेच म्हणत होते:
हाताची घडी, तोंडावर बोट.
त्यासाठी मला कोणी सल्लागार नेमलं नाही.

गणित सिंगापूरहून मागवलं.
वाचन फिनलंडहून यायचं होतं, पण तोवर पैसे संपले.
दारात जगाचा नकाशा लागला, "आम्ही जागतिक नागरिक",
आणि त्याच्याच खाली: आवारात फक्त इंग्रजी.
दोन्ही मीच छापले. एकाच सकाळी.

माझं बी.एड. इथे चालत नाही.
पदवी वाईट नाही, म्हणाली होती काउंटरवरची बाई,
फक्त तिची तुलना कशाशी करायची ते आम्हाला कळत नाही.

लिबानला वर्गाबाहेर काढलं की तो खाली येतो.
नियमात हे बसत नाही.
पण त्याला आवाज काढल्याशिवाय मोजता येत नाही
आणि इथे मशीनचा आवाज असतोच.
आईच्या सोमालीत मोजत जातो,
शेवटचा आकडा तेवढा इंग्रजीत करतो,
दारात चप्पल काढावी तसा.

परवा म्हणाला, तुम्ही कसं शिकलात?
पाठ करून. एकोणतीसपर्यंत पाढे.
एकोणतीस? कोणाला लागतो एकोणतीसचा पाढा?
आमच्या मास्तरांना वाटायचं, सगळ्यांना.
मग लागला?

मी रिम फोडत राहिले.
वैजंता होती माझ्या वर्गात, तिसऱ्या रांगेत.
एकोणतीस साते, इथे ती थांबायची.
रोज तिथेच. जणू पुढे ओढा होता.
मी तिला तास संपेपर्यंत उभी ठेवायची,
आणि मला वाटायचं, मी शिकवते आहे.
हे मी त्याला कशाला सांगितलं, कोण जाणे.

तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला.
दोनशे तीन, म्हणाला.
मी पेन खाली ठेवलं. कोणी शिकवलं?
सिंगापूरवाल्यांनी?
छे. मामाच्या दुकानात सगळं नव्याण्णव पेन्सला असतं.
सात वस्तू घेतल्या की सात पाउंड, वजा सात पेन्स.
इथे तीस साते, वजा सात. त्यात काय.

त्यात काय.
मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले.
वर कुठेतरी, न वाजवताच, तास संपला.

आज नवा मसुदा आला आहे, चौथ्या हेडचा.
बाकं पुन्हा गोल. शांततेऐवजी "उद्देशपूर्ण संवाद".
चौसष्ट प्रती, दोन्ही बाजूंनी.
टोनर कमी आहे, असं मशीन म्हणतं.
तीन महिने म्हणतं आहे.
पहिल्या काही प्रती फिकट निघाल्या, त्या मी बाजूला काढल्या,
पाठकोऱ्या, लिबानसाठी,
आणि उरलेल्या मोजू लागले,
मोठ्याने.