अक्षरी

फहाहीलच्या मासळी बाजारासमोर आमचं टायपिंगचं दुकान.
अर्जाला दीड दिनार, तक्रारीला दोन,
रडणाऱ्याला पाणी फुकट.

लवू घडशी आला तो दुपारच्या बांगेनंतर.
शटरिंगचा सुतार, गाव कोसुंब.
हातातल्या कागदाच्या इतक्या घड्या
की त्यांच्यावरची अक्षरं झिजून गेलेली.
'बाय, तू दाभोळची ना? मग वाच.
खरं काय ते वाच.'

वाचलं.
सुनावणीला हजर नव्हता, म्हणून हद्दपार.
उजर असेल तर सात दिवसांत.
त्यातले चार त्याने खिशातच घालवलेले.

'गेलो होतो की,' तो म्हणाला,
'इस्त्रीचा सदरा घालून. सातला.'

तारीख सहा होती, लवूभाऊ.
इथला सहा इंग्रजी सातासारखा दिसतो.
अन् इथला पाच म्हणजे निव्वळ आपलं पूज्य.
कंपनीकडे त्याचे पाच महिने थकलेत.
कागदावर तेही त्याला पूज्यच दिसले असणार.

कुणाला दाखवलं का नाहीत?
'दीड दिनार,' म्हणाला,
आणि पंख्याकडे बघत बसला
नऊ वर्षं टेप धरून
एका सुताचाही फरक न पडू दिलेला माणूस.

अर्ज लिहिला.
सहीआधी वाचून दाखवायची माझी रीत,
म्हणून वाचला, तसाच, अरबीत.
तो मान डोलवत राहिला.
हुकूम. वकील. मुद्दत. तारीख.
'हे तर देवरुखच्या कचेरीतलंच.
बापाच्या फेरफाराला हेच शब्द होते.
तेव्हाही आम्हीच चुकलो होतो.'
मग एका शब्दाशी अडला.

गायब?

अरबीत गायब म्हणजे नुसता गैरहजर, मी म्हटलं.
'आपल्यात नाही,' तो म्हणाला.
'आपल्यात गायब म्हणजे भुताने नेलेला.
मी कुठं गायब होतो, बाय?
सहा तारखेला महबूलात, नवव्या मजल्यावर
स्लॅब भरत होतो, त्यांचीच टोपी घालून,
ज्यांनी लिहून दिलंय की हा पळाला.
हवा निवळ असली
तर वरून ती कचेरीसुद्धा दिसते.'

कचेरी वरून दिसते, हे अर्जात घालता येत नाही.
घातलं.
शेवटच्या ओळीत, बारीक टायपात.

कारकुनाने शिक्का मारला, नवी तारीख दिली.
मंजूर की नामंजूर ते तिथेच कळणार.
तारखेखाली मी पेनाने लिहून दिलं,
चेकवर लिहितात तसं, अक्षरी:
मंगळवार, सोळा. फक्त.

सोमवारी सकाळी शटर उचललं
तर पायरीवर हा. तोच सदरा.
शेजारी डब्याची पिशवी.
उद्या आहे, लवूभाऊ.
'ठाऊक आहे,' म्हणाला. 'आजचा दिवस इथेच बसतो.
कोणी विचारलं
तर सांग, दिसतोय म्हणून.'

समोर मासळीवाले बर्फ फोडत होते.
मी त्याला स्टूल दिलं
आणि टाइप करायला घेतला
दुसऱ्याच कुणाचा अर्ज.