मीटर

लिमाच्या मागच्या टेकड्यांवर
पाऊस म्हणजे अंगाला चिकटणारं धुकं.
तिथे मी मीटर वाचतो.

डोन्या फ्रोइलाना एकशे चौऱ्याऐंशी पायऱ्या वर राहते.
नळाला पाणी नाही, मीटर मात्र फिरतं.
हवा आहे ती, सेन्योर, ती म्हणते,
पहाटे चारला नळ खोकतो
माझ्या मेलेल्या नवऱ्यासारखा,
आणि काटा पुढे सरकतो.

ठाऊक आहे मला.
माझ्याही घरी खोकतो.
मी लिहितो : बावीस घनमीटर.

वर टाकी आहे, निळी,
महापौराचं नाव दुरून वाचता येईल एवढी.
एकदा शिडीने चढून आत पाहिलं :
गवंड्याची एक चप्पल,
कबुतराची पिसं,
आणि माझाच आवाज, दोनदा.

लोक म्हणतात, कुठेतरी पाणी मुरतंय.
मुरायलाही पाणी लागतं.

ही नोकरी मिळावी म्हणून
मी साहेबाचे हात ओले केले, तीन पगारांनी.
त्या वर्षी आमच्या वस्तीत
तेवढंच काय ते ओलं झालं.

बिलावर सही करून फ्रोइलाना
पिंपातलं पाणी पुढे करते.
टँकरचं, विकतचं.
नातीने कालच त्यातल्या दोन मगांत केस धुतले,
तेच पाणी मग फरशीला, मग जिरेनियमला.

मी अर्धा पेला पितो.
उरलेलं ती परत पिंपात ओतते,
माझ्यासमोर,
न लाजता.

मी वहीत पुढचं घर शोधतो.